तोंडावर हात

दर गुरुवारी मी टेमर एन्टविसलला
कानाच्या दवाखान्यात नेतो.
पेट्रोलचे पैसे नगरपालिका देते,
खोकल्याच्या गोळ्या ती देते.
मी निवृत्त, गॅस कंपनीतून.
ती निवृत्त, दोनशे ऐंशी मागांच्या खडखडाटातून,
जो म्हणे थांबलाच नाही,
फक्त गिरणी सोडून तिच्या डोक्यात राहायला आला.

खिडकीबाहेर कालवा. कालव्यापलीकडे ॲल्डरक्लफ मिल:
पाच मजले, काळवंडलेली लाल वीट, आणि धुरांडं,
त्यातून आता कबुतरांखेरीज काही निघत नाही.
विणकामाची शेड पाडली, तिथे गाड्या लावतात.
"ती निळी गाडी दिसते ना," टेमर सांगते, "तिथे माझे चार माग.
मागच्या चाकापाशी तिसरा. फार छळायचा मेला,
हवा कोरडी झाली की ताणा तोडून बसायचा."

कताईच्या मजल्यांवर आता फ्लॅट.
पुरुषभर उंचीच्या काचा, पडद्याचं नाव नाही.

भिंतींनाही कान असतात म्हणतात.
त्या शेडमध्ये भिंती बहिऱ्या होत्या, आणि माणसंही.
म्हणून सगळं बोलणं ओठांवर, ताणून, मोठं करून,
जणू प्रत्येक शब्द चावायचा पण गिळायचा नाही.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा भलत्याच गल्लीत दिसला,
मुकादम येतोय,
सगळं चाळीस फुटांवरून, धोटा न थांबवता.
आणि जे सगळ्यांसाठी नसेल, त्याला
तोंडावर हात आडवा धरायचा.
एवढाच काय तो आडोसा.

"तिसऱ्या मजल्यावरची," टेमर म्हणते, "पिवळ्या झग्यातली.
विचारतेय, दूध कुणी संपवलं.
तो म्हणतो, तूच."
मी हसतो.
काचेमागे ती बाई अजून बोलतेच आहे,
आता हळू, हात खाली सोडून.
टेमर खुर्ची फिरवते, खिडकीकडे पाठ करून बसते.
"काय म्हणाली?"
"ह्या पोरांना कुणी शिकवलंच नाही,
तोंडावर हात धरायला."

आत तिच्या कानात नवं यंत्र बसवतात, वालाच्या दाण्याएवढं.
गाडीत बसल्या बसल्या ती ते काढून रुमालात बांधते.
"सगळं वाजतं," म्हणते, "सांगत कुणी काही नाही."

मी किल्ली फिरवत नाही.
माझी आई, झिला, हिच्याच रांगेत होती, पाच माग पलीकडे.
शेवटच्या संध्याकाळी इस्पितळात, काचेच्या दारामागे,
फुप्फुसात चाळीस वर्षांचा कापूस, घशात नळी.
ओठ मात्र हलत होते.
नर्स म्हणाली, हवा चावतायत, असं होतं.
मीही तेच मानलं. हात हलवला, निघालो.
गाडी नको तिथे लावली होती.

एकवीस वर्षं तो आकार
मी दाढी करताना आरशात करून पाहतो.
आज टेमरकडे वळलो, आणि केला.

तिने चष्मा पुसला. "परत."
परत केला.
"झिलाचा खालचा ओठ डावीकडे जायचा.
धोट्यातून तोंडाने सूत ओढून ओढून पुढचा दात गेला होता तिचा.
तसा कर."

मी ओठ डावीकडे नेला.
पुढच्या काचेवर पावसाचे चार थेंब पडले आणि थांबले.
"गॅस," टेमर म्हणाली. "विचारतेय,
गॅस बंद केलास का."

मी पुन्हा करून दाखवलं, सावकाश,
एखादा शब्द सुटला असेल म्हणून.

"तेच," ती म्हणाली,
खोकल्याची एक गोळी तोंडात टाकली,
आणि हात तसाच
ओठांवर राहू दिला.